गोळी खरी, गोष्ट चुकीची

दोन वर्षांपूर्वी ओझरहून एक बाई दुकानात आल्या, तेव्हा त्यांच्या एका हातात एस्सिटॅलोप्राम या नैराश्यावरच्या गोळीची अर्धी संपलेली पट्टी होती आणि दुसऱ्या हातात मोबाईल. नैराश्य मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या कमतरतेमुळे होते हे शास्त्रज्ञांनीच खोटे ठरवले आहे, औषध कंपन्यांनी इतकी वर्षे जगाला फसवले, अशा अर्थाची एक चित्रफीत त्यांना कुणीतरी पाठवली होती. ती पाहून त्यांनी चार दिवसांपूर्वी गोळी बंद केली होती. चक्कर येत होती, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखे होत होते. प्रश्न मात्र त्यांनी चकरेबद्दल विचारला नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होतात ना, डोक्यातलं केमिकल कमी झालंय, गोळीनं भरून निघेल? मग हे काय आहे?"

मी तसे म्हणालो होतो. नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर सव्वीस वर्षांत हे वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. डॉक्टरांकडून ऐकले होते, कंपन्यांच्या प्रतिनिधींनी वाटलेल्या पत्रकांवर वाचले होते, आणि काउंटरवर ते फार सोयीचे होते. रक्त कमी, बी-१२ कमी, कॅल्शियम कमी, तसे हेही एक कमी. 'डोक्याच्या गोळ्या' असा कागदावरचा शिक्का पाहून घाबरलेल्या माणसाचा चेहरा या एका वाक्याने सैल पडे आणि पट्टी पिशवीत जाई. ते वाक्य चुकीचे होते. त्याहून वाईट म्हणजे, ज्या दिवशी ते चुकीचे असल्याचे कळेल त्या दिवशी त्या माणसाने गोळीही टाकून द्यावी, अशी व्यवस्था आम्हीच त्या वाक्यात करून ठेवली होती.

नैराश्यविरोधी औषधांचा उपयोग सेरोटोनिनच्या कमतरतेच्या कल्पनेवर अवलंबून नाही, आणि म्हणून ती कल्पना कोसळल्याने औषधे कोसळत नाहीत, हे माझे या लेखातले म्हणणे आहे. परंतु ती कल्पना सोडायची तर तिच्या जागी खरी माहिती द्यावी लागेल, आणि खरी माहिती देणे हे एका वाक्याचे काम नसून पहिल्या सहा आठवड्यांचे काम आहे. नाशिक जिल्ह्यात आज ते काम करायला पुरेशी माणसे नेमलेली नाहीत, हा त्यातला सार्वजनिक प्रश्न.

कमतरतेची ही गोष्ट कुठून आली ते पाहिले, की तिच्याबद्दल एकदम राग धरता येत नाही. तिचे एक टोक मुंबईत आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे सर्पदंशावर आणि वेडावर पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तिच्या रक्तदाब उतरवण्याच्या गुणाविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासी येते, अशा नोंदी पुढे होऊ लागल्या. आणि प्रयोगशाळेत दिसले की या औषधाने प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचे साठे रिते होतात. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड हे नवे औषध दिले जात होते, आणि आजाराने खंगलेली माणसे वॉर्डात भलतीच उल्हसित दिसू लागली होती. हे औषध वरील रसायनांचे विघटन करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवते, असे आढळले. स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कुन यांनी स्किझोफ्रेनियासाठी म्हणून आलेले इमिप्रामिन उदास रुग्णांना देऊन पाहिले आणि १९५७ मध्ये त्याचे गुण प्रसिद्ध केले. एक औषध साठा रिकामा करते आणि माणूस खचतो. दुसरे साठा वाढवते आणि माणूस सावरतो. मग आजार हा साठ्याचाच असणार, असे जोसेफ शिल्डक्राउट यांनी १९६५ मध्ये नॉरएपिनेफ्रिनबद्दल आणि अ‍ॅलेक कॉपेन यांनी १९६७ मध्ये सेरोटोनिनबद्दल मांडले. त्या काळी हाताशी असलेल्या पुराव्यावरून हा तर्क अगदी वाजवी होता. मांडणाऱ्यांनी तो गृहीतक म्हणूनच मांडला होता. त्याचे ठाम विधान झाले ते १९८७ च्या डिसेंबरात फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत मान्यता मिळाल्यानंतर, जाहिरातींमधून.

तर्कातली भेग मात्र सुरुवातीपासून होती, आणि औषध विकणाऱ्याला ती रोज दिसते. फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटॅलोप्राम पोटात गेल्यावर काही तासांतच मेंदूत आपले काम करू लागते. कमतरता भरून निघण्याचाच प्रश्न असता तर दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसायला हवा होता. प्रत्यक्षात दोन ते सहा आठवडे जातात. शिवाय, आहारातून ट्रिप्टोफॅन वगळून निरोगी माणसाच्या शरीरातील सेरोटोनिनची निर्मिती मुद्दाम घटवली, तरी बहुतेकांना नैराश्य येत नाही. रेसर्पिनने उदास झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदीही पुन्हा तपासल्यावर तितक्या भक्कम निघाल्या नाहीत. २०२२ च्या जुलैमध्ये जोआना मॉन्क्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनांचा एकत्रित आढावा घेऊन, नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे होते याला सुसंगत पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. ओझरच्या बाईंच्या मोबाईलवर पोहोचले ते याचेच अर्क काढलेले रूप. त्या आढाव्याच्या पद्धतीवर अनेक मानसोपचारतज्ज्ञांनी आक्षेप घेतले, आणि बऱ्याच जणांनी असेही सांगितले की यात नवे काही नाही, जाणकारांनी हे गृहीतक केव्हाच मागे टाकले होते. या दुसऱ्या उत्तराने मला समाधानापेक्षा चीड अधिक आली. जाणकारांनी मागे टाकलेली गोष्ट रुग्णांच्या हातात मात्र तशीच ठेवायची, हा कुठला न्याय?

तरीही चित्रफितीने काढलेला पुढचा निष्कर्ष, की म्हणून गोळ्या थोतांड आहेत, हा तितकाच कच्चा आहे. रक्तदाबाच्या कितीतरी रुग्णांना आम्ही लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारी गोळी देतो आणि त्यांचा दाब उतरतो. त्यावरून उच्च रक्तदाब हा केवळ अंगात पाणी साठल्याचा आजार ठरत नाही, आणि तो तसा नाही हे समजल्याने गोळीचा गुणही जात नाही. औषध शरीरात जिथे बोट ठेवते तीच आजाराची जागा असेल, असे नसते.

मग नैराश्यात शरीरात काय बिघडते? एकच एक गोष्ट बिघडत नाही, म्हणूनच उत्तर अवघड आहे. सतत ताणाखाली असलेल्या माणसाच्या मेंदूकडून, पीयूषिका ग्रंथीमार्फत, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सोडण्याचा निरोप जात राहतो. एरवी कॉर्टिसॉल वाढले की मेंदू तो निरोप थांबवतो. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत हा लगाम सैल झालेला आढळतो. आठवणी आणि संदर्भ सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग, ज्यांना हा आजार वारंवार झाला आहे त्यांच्यात सरासरीने लहान दिसतो. शरीरातल्या दाहाचाही संबंध आहे, आणि त्याचा सर्वांत बोलका दाखला यकृताच्या एका आजाराने दिला. हिपेटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन्‌महिने देत. इंटरफेरॉन हा रोगप्रतिकारयंत्रणेचा संदेश आहे; तो बाहेरून टोचल्यावर साधारण चारांतल्या एका रुग्णाला उपचार चालू असतानाच नैराश्य येई. त्यांच्या घरी त्या काळात नवे काही वाईट घडले असेलच असे नव्हते. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के निघतो, म्हणजे निम्म्याहून अधिक भाग माणसाच्या वाट्याला आलेल्या आयुष्याचा. एकच एक 'नैराश्याचे जनुक' शोधण्याचे प्रयत्न फसले आहेत. शेकडो जनुकांचा प्रत्येकी चिमूटभर परिणाम, असे चित्र आज दिसते. यांपैकी कशाचीही अशी रक्ततपासणी नाही की जिच्यावरून डॉक्टर निदान करतील. डॉक्टर थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगतात ते नैराश्य शोधण्यासाठी नव्हे, तर त्याच्यासारखे दिसणारे दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. आणि थायरॉईड कमी पडल्याने खचलेली माणसे मी काउंटरवर पुष्कळ पाहिली आहेत.

आपल्या जिल्ह्यात या जीवशास्त्राचा एक वाद नेहमी उभा राहतो. लासलगावला कांद्याचा भाव पडला, निफाड-दिंडोरीत द्राक्षबागेवर अवकाळी पाऊस आणि गारा आल्या, सोसायटीचे कर्ज थकले, आणि माणूस अंथरुणाला खिळला, तर त्याला आजार म्हणायचे की अन्याय? जीवशास्त्राचे नाव काढले की कार्यकर्ते म्हणतात, तुम्ही व्यवस्थेचे पाप माणसाच्या मेंदूवर ढकलता. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात सर्वाधिक, २२,७४६ आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या, आणि त्यांचा उलगडा कुणी गोळ्यांच्या हिशेबात करू लागला तर त्याला थांबवलेच पाहिजे. परंतु कॉर्टिसॉलला आपण बाजार समितीच्या आवारातून निघालो की आनुवंशिकतेतून, हे माहीत नसते. ताण बाहेरून येतो, पण तो बसतो शरीरातच. पहाटे तीनला उघडणारे डोळे, घशाखाली न उतरणारा घास, रोज हात फिरवलेल्या वेलीकडेही पाहावेसे न वाटणे, ही त्या बसण्याची खूण. कर्जमाफीने झोप लगेच परत येईलच असे नाही, आणि गोळीने कर्ज फिटत नाही. दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात, आणि केल्या पाहिजेत.

आता गोळी काय करते. एक चेतापेशी दुसरीला निरोप द्यायचा तर मधल्या सूक्ष्म फटीत सेरोटोनिन सोडते. निरोप पोहोचला की पहिल्या पेशीवरचे एक वाहक प्रथिन ते सेरोटोनिन पुन्हा आत ओढून घेते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम ही औषधे या वाहकालाच अडवतात. नेहमीच्या मात्रेत सुमारे ८० टक्के वाहक अडवले जातात. त्यामुळे फटीत सेरोटोनिन अधिक वेळ राहते. पण पेशीवर स्वतःचा आवाज ऐकून स्वतःलाच आवरणारे ग्राहकही (रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप टिपणारी प्रथिने) असतात. फटीत सेरोटोनिन वाढले की ते पेशीला म्हणतात, पुरे, कमी सोड. सुरुवातीचे काही दिवस औषध एकीकडे ओढते आणि हा लगाम दुसरीकडे. दोन-तीन आठवड्यांत तो लगाम ढिला पडतो. गुण उशिरा येण्याचे हे एक कारण मानले जाते, एकमेव नव्हे. दुसरे कारण चेतापेशींच्या जोडण्यांत आहे. पेशींची वाढ आणि जोडण्या टिकवणारे बीडीएनएफ नावाचे प्रथिन या औषधांनी अधिक काम करू लागते. २००३ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी तयार होणे रोखले, तेव्हा औषधाचा वागण्यावरचा परिणामही नाहीसा झाला. २०२१ मध्ये हेलसिंकीच्या एरो कास्ट्रेन यांच्या गटाने दाखवले की ही औषधे बीडीएनएफच्या ग्राहकाला थेटही चिकटतात. प्रयोगशाळेतल्या पेशी आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे लक्षात ठेवूनही यातून एक दिशा दिसते: औषध मेंदूत आनंद ओतत नाही, ते मेंदूला पुन्हा वळण घेण्याइतका मऊ करते.

ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांच्या प्रयोगांनी यात मला सर्वांत पटलेली एक गोष्ट जोडली. नैराश्यातल्या माणसाला समोरच्या चेहऱ्यांतला राग, नापसंती आधी दिसते, आणि हसू निसटून जाते. औषध सुरू केल्यावर हा कल फार लवकर, माणसाला स्वतःला बरे वाटायच्या आधीच, सरकू लागतो. म्हणजे गोळी आधी नजर बदलते, मन नंतर. आणि मधल्या आठवड्यांत त्या बदललेल्या नजरेला घरात, कामावर, गल्लीत काय दिसते यावर पुढचे पुष्कळ अवलंबून राहते. द्राक्षबागाईतदाराला हे समजावताना मी खरड छाटणीचे उदाहरण देतो. एप्रिलमधल्या छाटणीनंतर बागेत घड दिसत नाही, पण पुढच्या हंगामाची सूक्ष्म घडनिर्मिती त्याच काड्यांत उन्हाळ्यात होत असते. त्या काळात पाणी तोडले, ऊन मिळाले नाही, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नुसता पाला येतो. "म्हणजे दोन महिने दिसणार काहीच नाही, पण हयगय करायची नाही," असे एका बागाईतदाराने मलाच परत सांगितले. माझ्या सव्वीस वर्षांच्या 'केमिकल कमी'पेक्षा हे चांगले होते.

औषधाचा उपयोग किती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण जादूची अपेक्षा ठेवून आलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात परत येत नाही. आंद्रेया सिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्या, एकूण १,१६,४७७ रुग्ण, एकत्र तपासले. प्रत्येक औषध गुणहीन गोळीपेक्षा (प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी) सरस ठरले, पण सरासरी फरक माफक होता, आणि बहुतेक चाचण्या दोनेक महिन्यांच्याच होत्या. ढोबळ मानाने सांगायचे तर, शंभर जणांपैकी औषधाने पन्नास एक जणांना स्पष्ट उतार पडतो, तर गुणहीन गोळीने पस्तीस ते चाळीस जणांना. त्याआधी २००८ मध्ये आयर्व्हिंग किर्श यांनी दाखवले होते की आजार कमी तीव्र असेल तर हा फरक जवळजवळ पुसला जातो आणि अतितीव्र आजारात तो ठळक होतो. मला या दोन निष्कर्षांत भांडण दिसत नाही. सौम्य नैराश्यात सरसकट गोळी लिहू नये, जागतिक आरोग्य संघटनाही तसेच सांगते. मध्यम आणि तीव्र आजारात मात्र हाच 'माफक' फरक एखाद्या माणसासाठी घरी राहणे आणि विहिरीकडे जाणे यांतला फरक असू शकतो.

काउंटरवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न याहून वेगळाच असतो: सवय लागेल का? याला आम्ही 'नाही, नाही' असे झटकन उत्तर देतो, आणि तेही अर्धवट आहे. दारूसारखी ओढ या औषधांनी लागत नाही, रोज मात्रा वाढवावी असे वाटत नाही. पण महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि तो करंट, हे अनेकांना होते. ओझरच्या बाईंना तेच होत होते, आणि आजार उलटला असे त्यांच्या घरच्यांना वाटत होते. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायची, आणि शेवटचे टप्पे सर्वांत बारीक ठेवायचे, कारण थोड्या मात्रेतही बरेचसे वाहक अडवलेले असतात. वीसवरून दहावर येणे सोपे, पाचवरून शून्यावर येणे अवघड. किती काळ घ्यायची, याचा उल्लेख चिठ्ठीवर क्वचितच असतो. बराच काळ औषध घेऊन बऱ्या असलेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के आणि हळूहळू थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांना वर्षभरात आजार पुन्हा झाला. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायचे असतात: थांबवणाऱ्याला धोका अधिक, तरी थांबवलेल्या शंभरातले चव्वेचाळीस ठीक राहिले.

खरी सवय लावणारी गोळी त्याच चिठ्ठीवर शेजारी असते, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. सुरुवातीच्या बेचैनीसाठी क्लोनाझेपाम देतात. ते लगेच झोप आणते, म्हणून लोकांना तेच 'लागू पडले' असे वाटते. आपल्या बाजारात एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. दोनतीन आठवड्यांसाठी सुरू झालेली ही जोडगोळी वर्षानुवर्षे चालू राहिलेली मी पाहिली आहे, जुनी चिठ्ठी दाखवून, कधी चिठ्ठीशिवायही. आणि चिठ्ठीशिवाय देणारे दुकान आपल्याच धंद्यातले असते, हे मान्य केल्याशिवाय मला डॉक्टरांवर बोट ठेवता येणार नाही. उरलेल्या धोक्यांची यादी छोटी आहे, पण ती पहिल्याच दिवशी सांगायची असते. पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचे. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, बिनझोपेचे, उधळपट्टीचे दिवस आले असतील तर ते डॉक्टरांना सांगायचे, कारण अशा माणसाला ही गोळी एकटी दिली तर उन्माद उसळू शकतो. गुडघेदुखीची गोळी सोबत घेत असाल तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. लैंगिक इच्छा मंदावते, हे तर कुणी सांगतच नाही आणि कुणी विचारतही नाही, पुरुष गिऱ्हाईक दुकान रिकामे होईपर्यंत बाजूला थांबते आणि मग नुसतेच "दुसरी कंपनी आहे का?" असे विचारते.

'कमतरते'च्या गोष्टीच्या बाजूने एक दमदार युक्तिवाद केला जातो, तो टाळून चालणार नाही. ती खोटी असेल, पण तिने लाज कमी केली. माणूस 'मनाने कच्चा' न ठरता आजारी ठरला आणि भगताकडे किंवा नुसत्याच पूजेसाठी त्र्यंबकला जाण्याऐवजी डॉक्टरकडे आला. यातला पहिला भाग अभ्यासांतून खरा ठरतो: मेंदूतल्या बिघाडाचे कारण सांगितले की लोक रुग्णाला दोष कमी देतात. पण त्याच अभ्यासांत असेही दिसते की लोक त्याला अधिक धोकादायक समजू लागतात आणि तो कधी बरा होणारच नाही असे धरून चालतात. 'ह्याच्या डोक्यातच फॉल्ट आहे' हे वाक्य सोयरीक मोडायला पुरते. एक कलंक काढून दुसरा चिकटवण्याचा हा व्यवहार मला घाट्याचा वाटतो. त्र्यंबकला जाणाऱ्यांना मी अडवत नाही. पूजा करा, आणि सोमवारची ओपीडीही चुकवू नका, एवढेच म्हणतो.

आता प्रश्न आपल्या जिल्ह्याचा. खरी माहिती द्यायची, पहिले सहा आठवडे सोबत राहायचे, मात्रा उतरवताना लक्ष ठेवायचे, हे कुणी करायचे? गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवर मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे. सुरगाण्याहून तिथे यायचे तर ऐंशी-नव्वद किलोमीटर, म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे. महिन्याला गोळ्यांवर जितका खर्च व्हावा, त्याहून जास्त खर्च गोळ्या आणायला होतो. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ आणि बेचैनी येते, गुण दिसत नाही, विचारायला कुणी नाही; माणूस पट्टी फडताळात ठेवून देतो, यात त्याचे काय चुकले? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये नोंदवले की देशात दर वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते, आणि मानसिक आजाराच्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत.

यासाठी नवा कायदा लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत 'सर्व काळ' आणि विनामूल्य मिळाली पाहिजेत. आपल्याकडे सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय. माझी पहिली मागणी त्या 'सर्व काळ' या दोन शब्दांपुरती आहे. मधुमेहाची गोळी आठवडाभर नसली तर साखर वाढते आणि ती मोजता येते. एस्सिटॅलोप्राम आठवडाभर नसले तर माणसाला एकदम तोडल्याचा त्रास होतो आणि तो कुठल्याच नोंदवहीत चढत नाही. दुसरी मागणी, कायदा ग्रामीण रुग्णालयाशी थांबला असला तरी जिल्ह्याने थांबू नये. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत निदान फ्लुओक्सेटिन आणि एस्सिटॅलोप्राम ही दोन औषधे ठेवावीत, आणि ती लिहिण्याचे व उतरवण्याचे प्रशिक्षण तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला द्यावे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रोडवर म्हसरूळलाच आहे. त्यासाठी लांब जायला नको.

तिसरी मागणी माणसांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत बोलण्याचे काम दिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवरच्या ३९ टक्के रुग्णांच्या तुलनेत या गटातले ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. त्यातली बोलणी म्हणजे मोठे मनोविश्लेषण नव्हते. सोडून दिलेली कामे, सोडून दिलेली माणसे थोडी थोडी परत धरायला लावणे, एवढाच त्याचा गाभा. ज्यांना औषध नको किंवा ज्यांना ते लागत नाही त्यांच्यासाठी हाच उपचार, आणि जे औषध घेतात त्यांच्या मधल्या आठवड्यांसाठी हीच सोबत. आशाताईंवर आणखी एक काम लादा असे मी म्हणत नाही, त्यांच्या अंगावर आधीच पुष्कळ आहे. वेगळी माणसे, वेगळा पगार, आणि गावातलीच असावीत. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक २०२२ पासून चालू आहे आणि रात्रीबेरात्री उपयोगी पडतो, तो प्रत्येक पाकिटावर छापावा. पण फोनवरचा आवाज पुढच्या मंगळवारी दारात येऊन उभा राहत नाही.

ओझरच्या बाईंना मी त्या दिवशी म्हणालो, की मी सांगितले ते चुकीचे होते, आणि व्हिडिओवाला सांगतो तेही. त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवले. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करून नऊ महिन्यांनी चार टप्प्यांत उतरवली. आता नवी चिठ्ठी आली की मी काउंटरवर चारच वाक्ये बोलतो. हा आजार नेमका कशाने होतो ते पूर्ण कळलेले नाही. गोळी बऱ्याच जणांना उपयोगी पडते, सगळ्यांना नाही. पहिले दोन आठवडे त्रास जास्त आणि गुण कमी, तेव्हा काही विचारायचे असेल तर इथे या. बंद करायची झाली तर आधी डॉक्टरांना सांगून हळूहळू करा, एकदम नाही. "कळलेलं नाही म्हणता आणि देता कशी?" असे एका रिक्षावाल्याने मला विचारले. मी त्याला बसायला स्टूल दिले आणि गिऱ्हाईक कमी होईपर्यंत थांबायला सांगितले.